पहिल्या नावाचा थेंब

नीलव्वा आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली, की तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला मला आता थोडं थांबावं लागतं. तिचा उजवा हात मात्र लगेच दिसतो. मधलं बोट तेलात बुडवून ती ताटावर धरायची. नखाच्या टोकाशी तेल गोळा व्हायचं, फुगायचं, लोंबायला लागायचं, आणि नाव घेऊन झाल्याशिवाय थेंब सुटायचा नाही. त्या हातानं माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, घराबाहेर काढलं. आम्ही पोरं तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो, सणासुदीला पाया पडायचो. इथं मी तिला 'ती' म्हणणार आहे. सून परवा म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाचं कशाला उगाळत बसता?" म्हटलं, उगाळते, माझी मर्जी.

आमचं घर बेंबळीत, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, लिंगायत घाणेवाल्यांचं. पुढच्या सोप्यात लाकडी घाणा, त्याला डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. दिवस उजाडायच्या आधी घाण्याची कुरकुर सुरू व्हायची. करडई नवी पडली की आवाज कोरडा, खरखरीत असायचा. मग हळूहळू तो ओला होत जायचा, आणि तो ओला झाला की अंथरुणातच कळायचं, तेल सुटलं. आम्ही त्या आवाजानं कधी जागे झालो नाही, तो थांबला की जागे व्हायचो. सगळ्या घराला, कपड्यांना, आमच्या वह्यापाट्यांनासुद्धा पेंडीचा वास. शाळेत उर्दू शिकवणारे मास्तर माझी पाटी नाकाशी धरून म्हणायचे, हिच्या अलिफलासुद्धा तेल सुटलंय. न्याहारीला कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाची चटणी, आणि चटणीत बोटानं खळगा करून त्यात घाण्यावरचं कोमट तेल. ते तेल अव्वा वाढायची. माझी अव्वा, गुरव्वा, हलक्या हाताची आणि हलक्या आवाजाची बाई. रागावली तर कानडीत पुटपुटायची, म्हणजे आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला सगळं कळायचं. तिला मी एकटीच. त्यामुळं काकूला बसू झाला तेव्हा काकूपेक्षा अव्वालाच जास्त हर्ष झाला. बसूला न्हाऊ घालणं, त्याला उन्हात पालथा घालून तेल चोळणं, सगळं तीच करायची.

आत्या अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला आणून सोडली होती, आणि कोठीच्या चाव्या हळूहळू तिच्या कमरेला गेल्या. तिची खरी सत्ता मात्र चाव्यांत नव्हती, थेंबात होती. घरात कुणी सारखं आजारी पडलं, म्हैस आटली, की लोक म्हणायचे, नीलव्वाकडनं थेंब बघा. लांबच्या वाशी गावाकडनंसुद्धा बायका बैलगाडीनं यायच्या. रीत अशी, की न्हाण न आलेल्या पोरीनं पितळी ताट राखेनं लख्ख घासायचं, विहिरीचं ताजं पाणी त्यात ओतायचं आणि ताट आत्यापुढं ठेवायचं. मग आत्या विचारायची, तुमच्या मनात कोण हाय? त्या माणसाचं नाव घेऊन ती करडईच्या तेलाचा थेंब सोडायची. थेंब टिकलीसारखा गोल राहिला तर ते माणूस निर्दोष. थेंब फुटून पाण्यावर पसरला, तर दृष्ट त्याचीच. फुटला की ताट उचलून पाणी तिठ्यावर फेकायचं, मागं वळून बघायचं नाही. ताट घासणाऱ्या पोरीचं नाव मात्र घ्यायचं नाही, हाही तिनंच घालून दिलेला नेम. आणि आमच्या घरात ताट घासणारी पोर म्हणजे मी.

बसू आठ-नऊ महिन्यांचा असताना त्याला आकडी यायला लागली. डोळे फिरवायचा, मुठी आवळायचा, ओठ निळे पडायचे. पहिली आकडी आली ती अव्वाच्या मांडीवर, तेल चोळताना. तेवढं पुरे झालं. काकूनं थेंब बघायचा हट्ट धरला. त्या सोमवारी मी नेहमीसारखं ताट घासलं; उलट, आत्यानं शाबासकी द्यावी म्हणून जास्तच घासलं. आत्यानं काकूला विचारलंसुद्धा नाही. सरळ म्हणाली, गुरव्वा. थेंब पाण्याला टेकला आणि सर्रकन ताटाच्या काठापर्यंत पसरला. उन्हात त्याच्यावर मोरपिसाचे रंग आले आणि मग त्याला बारीक बारीक भोकं पडत गेली. काकू रडायला लागली. अव्वा कोपऱ्यात उभी होती, ती फक्त माझ्याकडं बघत होती. मीच ते ताट उचललं आणि तिठ्यावर पाणी टाकून आले. मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अव्वाचं ताट गोठ्याच्या ओट्यावर. चुलीला हात लावायचा नाही, बसू रडला तरी आत यायचं नाही. भाकरी आत्या लांबूनच सरकवायची, काठीनं सरकवावी तशी. शेजारपाजारच्या हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. अव्वानं एकदाही कुणाला विचारलं नाही की माझा गुन्हा काय. मला तिचा त्याबद्दलही राग येतो. अप्पा तोंडात मूग धरून घाण्यामागं फिरत राहिले. पोळा झाला आणि अप्पांनी तिला माहेरी पोचवली, बार्शीच्या अंगाला, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडं, इंग्रजी मुलखात. दोन मुक्कामांची वाट. मला बरोबर धाडलं नाही, घरात ताट घासायला कुणी नको का! गाडी वळताना अव्वानं पदरातनं हात काढून माझ्याकडं बघून हलवला आणि लगेच परत पदरात घेतला. दृष्टीची बाई म्हणून तिला स्वतःच्या हाताचीसुद्धा धास्ती वाटायला लागली असावी.

अव्वाचं सगळं काम माझ्याकडं आलं. दर आठवड्याला तेलाची मापं आणि पळ्या रिठ्याच्या पाण्यानं धुवायच्या. रिठ्याला फेस आला की मी एरंडाच्या पानाचा पोकळ देठ घेऊन बुडबुडे फुंकायची. खेळच तो, पण त्या दिवसांत खेळतानाही माझे दात आवळलेले असायचे. प्रत्येक बुडबुड्याला मनात नीलव्वा म्हणायची आणि बोट खुपसून फोडायची. एकदा मात्र बुडबुडा फुटेना. बोट आरपार गेलं, परत बाहेर आलं, आणि तो आपला तसाच डुलत राहिला. दुसरं बोट घातलं, ते कोरडं होतं, फटकन फुटला. पुन्हा पुन्हा करून बघितलं. रिठ्याच्या पाण्यात भिजलेलं बोट बुडबुड्याला चालतं, कोरडं चालत नाही. बुडबुडा तोच, मीही तीच. फरक कशाचा, तर बोटाला आधी काय लागलंय याचा.

त्या दुपारी आत्या कुणाकडं तरी बाळंतिणीला बघायला गेली होती. मी देवळीतलं थेंबाचं ताट काढलं, राखेनं घासलं, पाणी ओतलं आणि बोट तेलात बुडवून म्हटलं, नीलव्वा. थेंब काठापर्यंत पसरला. मला असा आनंद झाला की उठून अप्पांकडं पळणारच होते. तरी म्हटलं, अव्वाचंही बघू. त्याच पाण्यावर दुसरा थेंब सोडला, गुरव्वा. तो गोल राहिला. काकू, तोही गोल. मी हात जोडले, महादेवा, पावलास. मग वाटलं, आणखी एकदा करावं, पक्कं करावं. ताट पुन्हा घासलं, पाणी नवं घेतलं आणि या वेळी आधी अव्वाचं नाव घेतलं. थेंब फुटला. मी तिथंच रडायला लागले. रडत रडतच ताट तिसऱ्यांदा घासलं आणि रागानं म्हटलं, महादेव. फुटला. आता बसूला काय महादेवाची दृष्ट लागली म्हणायची? चौथ्यांदा मी भोपळ्याचं नाव घेतलं. भोपळासुद्धा फुटला. त्याच पाण्यावर पुन्हा भोपळा म्हटलं, तर आता भोपळा निर्दोष. मग मात्र डोळे पुसले. ज्याचं नाव पहिलं, त्याचा थेंब फुटतो. पहिलाच फुटला की पाणी तिठ्यावर जातं, त्यामुळं त्या पाण्यावर दुसरा थेंब कसा वागतो हे आमच्या गावात कुणी कधी बघितलंच नव्हतं.

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी पोरींना हा प्रयोग करून दाखवायची. स्वच्छ पाण्याचं तोंड ताणलेलं असतं, ते तेलाला चहूबाजूंनी ओढतं आणि थेंब पसरतो. एकदा का पाण्यावर तेलाचा पापुद्रा बसला, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, की ती ओढ ढिली पडते आणि पुढचा थेंब अंग आखडून बसतो. एका पोरीनं विचारलं होतं, बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या आत्यानं. वर्गाला ते कौतुक वाटलं.

अप्पांना सांगावं असं एकदा मनात आलं होतं, नाही असं नाही. ताट पुढं ठेवून भोपळा दाखवला असता तर त्यांनाही कळलं असतं. पण मग काय झालं असतं? अव्वा परत आली असती आणि आत्या कमरेच्या चाव्या वाजवत तशीच घरात फिरली असती. लोक म्हणाले असते, चुकलं बिचारीचं. मला ते नको होतं. मला ती गोठ्याच्या ओट्यावर बसलेली बघायची होती. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या मनात इतकं विष असतं का, असं कुणी विचारेल. माझ्या होतं.

येळवस आठ-दहा दिवसांवर आली. आमच्याकडं त्या अमावास्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, भज्जी आणि आंबील. घरची लक्ष्मी नाही तर कोपीत पूजा कुणी करायची, म्हणून अप्पा अव्वाला आणायच्या गोष्टी करायला लागले. नेमकी त्याच आठवड्यात बसूला पुन्हा आकडी आली. आत्या म्हणाली, ती तिकडनंही करती, बघा. जंगमअय्यांना बोलावलं. अय्या घराण्याचे गुरू, त्यांच्यासमोर अप्पांनी शब्द दिला, ह्या बारीला गुरव्वाचा थेंब फुटला तर मी नाक्यापलीकडं पाऊल टाकणार न्हाय. अव्वा परत यायची की कायमची जायची, हे एका थेंबावर आलं, आणि ताट घासायला मला सांगितलं.

मी घासलं. विहिरीचं पाणी ओतलं. सोप्याकडं येताना एका हातानं ताट कमरेशी धरून दुसऱ्या हाताचं बोट भांगात फिरवलं, तेल चोपडलेल्या भांगात, आणि तेच बोट पाण्याला नुसतं टेकवलं. काही दिसलं नाही. ताट ठेवलं आणि बाजूला बसले. आत्या म्हणाली, गुरव्वा. थेंब पडला आणि टिकलीसारखा बसून राहिला. तिनं मान पुढं काढली. पुन्हा म्हणाली, गुरव्वा. दुसरी टिकली. अय्या म्हणाले, तिचं झालं, पुढचं घ्या. मग काकूनं नावं सांगायला सुरुवात केली. गडी, गड्याची बायको, शेजारीण, काका, रडत रडत स्वतःचंही नाव, आणि शेवटी अप्पांचं. एकही फुटेना. थेंब पाण्यावर डुलत होते, मधूनच दोन थेंब हळूहळू एकमेकांकडं सरकायचे आणि एक व्हायचे. आत्याच्या कपाळाला घाम आला होता. ती ताटाकडं बघत नव्हती, माझ्या भांगाकडं बघत होती.

मी म्हटलं, पाणी शिळं झालं असंल, बदलून आणू का? अय्यांनी मान हलवली. मी परसात जाऊन ताट राखेनं घासलं, मग हात कोपरापर्यंत घासले, नखांतनं राख फिरवली. नवं पाणी आणून ठेवलं. अय्यांनी विचारलं, आता कुणाचं राहिलं?  घरात एकच माणूस उरलं होतं, पण ते नाव उच्चारायची कुणाची छाती नव्हती.

"आत्यांचं राहिलंय," मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं की हिला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. ती घाईनं म्हणाली, "आधी हिचं घेती. पोरीचं."

अय्या म्हणाले, "ताट घासणारीचं नाव घेत न्हाईत. तुम्हीच घालून दिलाय नेम."

तिनं बोट तेलात बुडवलं. थेंब नखाशी गोळा झाला, फुगला, लोंबला. ती नाव घेईना. काकूच शेवटी पुटपुटली, नीलव्वा, आणि थेंब आपल्या वजनानं सुटला. काठापर्यंत गेला. असे सुंदर रंग मी पुन्हा कधी पाण्यावर पाहिले नाहीत.

चाव्या काकूनं काढून घेतल्या. संध्याकाळच्या आत आत्याचं अंथरूण गोठ्याच्या ओट्यावर गेलं. गावात बातमी पसरली तशी बायका यायला लागल्या, तिनं ज्यांची नावं घेतली होती त्या.  अंगणात उभ्या राहायच्या, तिच्याकडं बघायच्या आणि जायच्या. अप्पा गाडी जुंपून नाक्याकडं गेले, आणि आत्याला भाकरी नेऊन द्यायचं काम मी मागून घेतलं. ती जशी अव्वाला लांबून सरकवायची तशीच मी सरकवली, अगदी तशीच, मनगट वळवून. चार दिवस मला अन्न गोड लागलं.

पाचव्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, "भांगातलं बोट लावलंस न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय. तुम्हाला ठाऊक हुतं, पहिलं फुटतंय म्हणून."

"माझा मालक गेला तवा सासूनं थेंब बघितला. पहिलं नाव माझं. पांढऱ्या पायाची म्हणून इथं आणून टाकली. मग परसात बसून बसून म्याबी ताटं घासली, तुझ्यावाणीच."

"मग अव्वाचं नाव का घेतलं?"

"घरात कुणीतरी पहिलं लागतंच, गौरे. म्या न्हाय घेतलं तर कुणीतरी माझं घेतलं असतं."

मी भाकरी तिच्याकडं आणखी थोडी सरकवली आणि आत गेले. मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. उलट राग दुप्पट झाला. नकळत केलं असतं तर एक वेळ सोडलं असतं. हिनं स्वतः ते भोगलं होतं, आणि तरी माझ्या अव्वाला त्यात ढकललं.

येळवसच्या आदल्या दिवशी अव्वा आली. वाळली होती, आवाज आणखी बारीक झाला होता. काकूनं बसूला तिच्या मांडीवर ठेवून पाय धरले. अव्वा थोडा वेळ बसली, मग उद्याच्या उंड्यांसाठी पीठ मळायला उठली. परात कोठीत अडकली होती, म्हणून तिनं देवळीतलं थेंबाचं ताट काढलं. सगळे बघत राहिले. तिनं त्यात बाजरीचं पीठ घेतलं, तेलाचा हात लावला आणि मळायला बसली. मळता मळता ओट्याकडं बघून म्हणाली, "वन्सं, आत या. उंडे वळायला हात कमी पडतेत." आत्या आली. अव्वाशेजारी बसली. दोघींचे हात एकाच ताटात. मी परसात जाऊन रिठ्याची घमेली लाथेनं उपडी केली. इतक्या महिन्यांचा माझा सूड, आणि ही बाई पिठात मळून मोकळी झाली. अव्वाला मी त्यासाठी शेवटपर्यंत क्षमा केली नाही, आणि आत्याला माहीत होतं हेही तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं उंडेच वळायला लावले असते.

बसूची आकडी पुढं वयाबरोबर आपोआप गेली. थेंब बघणं आमच्या घरात परत झालं नाही. आत्या त्यानंतर पुष्कळ जगली, अव्वाच्या हातचं जेवून जगली. मी लग्न होऊन जाईपर्यंत तिच्या हातचं पाणी प्याले नाही, ती गेल्याचं कळलं तेव्हा रडले नाही.

आता घरात भांडी घासायला बाई आहे. पण अधूनमधून, सून कामावर गेली की मी स्वतः एक ताट घासते, राख मिळत नाही म्हणून पावडरनं, आणि चांगलं सात पाण्यांनी धुते. पाणी भरून खिडकीशी उन्हात ठेवते. बोट तेलात बुडवते, थेंब नखाशी फुगू देते. तो का फुटतो ते मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. तरी नाव घेते, मोठ्यानं, नीलव्वा. थेंब काठापर्यंत जातो. दुसरा थेंब मी कधी टाकत नाही.